झाडाला परवानगी, ट्रकला पास, माणसाला?

अंजनवेलच्या वीज प्रकल्पात हेल्मेटशिवाय कामाला लागता येत नाही. त्याच गावाच्या डोंगरउतारावर रबरी चपला घातलेला माणूस झाडं कापायचं कटर मशीन चालवतो. डोक्याला टॉवेल.

एकाच गावात दोन जिवांची किंमत वेगळी का?

गुहागर तालुक्यातलं जंगल बहुतेक मालकीचं. इथला ऐन, किंजळ राहणार की जाणार, हे सातबाऱ्यावरची माणसं ठरवतात. घराला पैसे लागले की खातेदार जंगल विकतो. व्यापारी ते उक्तं घेतो आणि कटरवाला डोंगर मोकळा करून देतो. खातेदाराची गरज खरी आहे. त्याला नावं ठेवून एकही झाड वाचलेलं नाही.

झाडतोडीचा कायदा आहे, 1964 पासून. तोडीला परवानगी लागते. शिवाय इतर नियमांनी लाकडावर हातोड्याचा शिक्का, ट्रकला पास, लाकूड गिरणीला लायसन्स. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड 1 हजारावरून 50 हजारांवर न्यायचं ठरवलं आणि कोकणात ओरड झाली. दोन्ही बाजू दंडावर भांडल्या.

कटर धरणाऱ्या हाताबद्दल कोण बोललं?

जंगल परत येणार की नाही, हे तर तोच हात ठरवतो. ऐन-किंजळ बुंध्यापासून पुन्हा फुटतात. कट जमिनीलगत, साफ आणि थोडा उतरता दिला तर पाणी साचत नाही, खुंट कुजत नाही, फुटवे जोमाने येतात. कमरेएवढा खुंट ठेवला, साल फाडली, की वर आलेला फुटवा वाऱ्याने मोडतो. झाड पाडायचं तेही शास्त्राने: ज्या बाजूला पाडायचं तिथे आधी खाच, मग मागून कट, मधे बिजागरीसारखी लाकडाची पट्टी राखायची. ती पट्टी कापली गेली की झाड कुठेही फिरतं. खाली माणूस असतो. ओढ्याकाठची झाडं सोडायची, धनेशाची ढोली असलेला बेहडा सोडायचा. यातलं काहीही उपजत येत नाही.

शिकवावं लागतं. शिकवलं कुणी?

स्वीडनमध्ये कटर मशीन कामावर चालवायचं तर परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1998 मध्येच वनकामाच्या सुरक्षेची संहिता काढली. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने वन आणि लाकूड प्रमाणीकरणाची योजना आणली, ‘प्रमाण’ या चिन्हाची. जंगलाबाहेरची झाडंही तिच्यात बसतात. पाऊल चांगलं आहे, पण योजना ऐच्छिक आहे. इथलं जळाऊ लाकूड कारखान्याच्या बॉयलरात जातं. बॉयलरवाला चिन्ह कशाला बघेल?

म्हणून मालाआधी माणूस.

जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रस्त्यांवर आडवी झालेली झाडं कापायला गावोगावचे कटरवाले पुढे आले. तेव्हा ते सगळ्यांना हवे होते. वादळ ओसरल्यावर त्यांना चांगलं हेल्मेट तरी कुणी दिलं?

शिकवणारे दूर नाहीत. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, पुढे दापोली. तिथे कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. पदवीचे वर्ग भरतात तिथे कटरवाल्याचाही वर्ग भरू शकतो. पावसात तोडीचं काम थंडावतं, तोच काळ शिकण्याचा. बुडालेली मजुरी द्या, नाहीतर कुणी येणार नाही. लाकडावर नफा व्यापारी कमावतो, खर्चाचा वाटा त्याच्याकडून घ्या. दाखलेवाल्याला मजुरी जास्त मिळालीच पाहिजे. नुसता कागद भिंतीवर लावायला कुणी डोंगर उतरून येत नाही.

आणि क्रम चुकवू नका. आधी वर्ग, मग परवानगीत दाखल्याची अट. उलट केलंत तर दाखलाही चिरीमिरीने विकला जाईल आणि मशीन पुन्हा त्याच न शिकलेल्या हातात राहील.

वनखातं आणि विद्यापीठ, दोघांनी मिळून पहिला वर्ग येत्या पावसाळ्यात गुहागरातच भरवावा.