कुंभार्ली घाटातील तैलमीमांसा

पेट्रोल गाडी केवळ पेट्रोलवर चालते, हा समज नव्या गाडीच्या बाबतीत व्यवहारापुरता खरा मानता येईल. दुसऱ्याने वापरून विकलेल्या गाड्यांत मात्र एक मोठा वर्ग असा आढळतो, जो पेट्रोल पितो आणि त्याच्या जोडीला इंजिन ऑइलही खातो. हे ऑइल जळण्यासाठी नसते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या पात्रात, लहान गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल असते. पंप ते वर चढवतो, फिरत्या आणि घासणाऱ्या भागांवर त्याचा पातळ थर राहतो आणि उरलेले पुन्हा खाली उतरते. या फेऱ्यात थोडेसे ऑइल वाट चुकून ज्वलनकक्षात जाते, हे प्रत्येक इंजिनात घडते. ते थोडेसे म्हणजे किती, या प्रश्नावर मात्र गाडी विकणारा, घेणारा आणि दुरुस्त करणारा यांचे आजवर एकमत झालेले नाही.

वाट चुकण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला पिस्टनच्या रिंगांचा: पिस्टनभोवती बहुधा तीन रिंगा असतात, त्यांतील वरच्या दोन मुख्यतः ज्वलनाचा दाब धरतात आणि सर्वांत खालची सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून परत पाठवते; ऑइल वेळेवर न बदलल्यास काजळी साचून ही खालची रिंग आपल्या खाचेत चिकटून बसते आणि खरवडणे सोडून देते. दुसरा मार्ग व्हॉल्व्ह सीलचा: इंजिनाच्या माथ्यावरील प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराचे टोपीवजा सील बसवलेले असते, ते वर्षानुवर्षे भाजून कडक झाले, की ऑइल दांड्यावरून खाली झिरपू लागते. याखेरीज चेंबरमधील वाफा पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी पाठवणारी, पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची लहानशी झडप असते, आणि ती उघडी अडकली तर वाफांबरोबर ऑइलही ओढले जाते. ही झडप हलवल्यावर खुळखुळ वाजली तर बहुधा चांगली समजावी. ती स्वस्त असल्यामुळे गाडीमालक प्रथम तीच बदलतात. प्रस्तुत लेखकानेही तीच बदलली होती, आणि जुनी झडप नवीपेक्षा अधिक खणखणीत वाजते असे आढळल्यावर ती जपून ठेवली होती.

प्रस्तुत लेखकाची गाडी ‘डॉक्टरने वापरलेली’ होती. आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या जाहिरातींवरून अनुमान काढल्यास राज्यातील प्रत्येक डॉक्टर दर सहा महिन्यांनी गाडी विकतो आणि ती फक्त दवाखान्यापर्यंतच नेतो, असे मानावे लागते. गाडीचा रंग पांढरा, पीयूसी प्रमाणपत्र ताजे आणि काचेवर गणपती होता. पैकी पीयूसीविषयी एवढेच नमूद करणे आवश्यक आहे, की पेट्रोल गाडीच्या या तपासणीत इंजिन जागेवर मंद चालू ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजतात. घाट उतरताना ती गाडी मागच्याच्या तोंडावर काय सोडते, याची चौकशी त्यात नसते.

प्रवास पुण्याहून गुहागरला होता आणि मार्ग खंबाटकी, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा ठरला होता. प्रवाशांत लेखक, त्याची पत्नी आणि लेखकाची आत्या यांचा समावेश होता. आत्याचे यजमान एस.टी.त चालक होते आणि त्यांच्या पश्चात ती या घाटाने प्रथमच खाली उतरत होती. साताऱ्यापर्यंत उल्लेखनीय काही घडले नाही, कारण लेखकाने आरशात पाहण्याचे टाळले होते. पाटणला खबरदारी म्हणून ऑइलचा डबा घेण्यात आला. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेले, दुकानात मात्र २०डब्ल्यू-४० तेवढे होते. यातील पहिला आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो (जितका लहान तितके पातळ), आणि दुसरा शंभर अंश सेल्सियसला ते किती घट्ट राहते ते. कोकणात थंडी नसल्यामुळे पहिल्या आकड्याची चिंता आपण करू नये, असे दुकानदाराने सांगितले, आणि अडीअडचणीच्या भरणीपुरते ते बरोबरही होते. डबा डिकीत सर्वांत आधी ठेवला गेला, म्हणजे सर्व सामानाच्या खाली.

कोयनानगरला धरण दिसले. १०३ मीटर उंचीचे हे धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले, आणि त्याचे पाणी नदीच्या ओघाने पूर्वेकडे कराडला न जाता मोठ्या प्रमाणात बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून वीज निर्माण केली जाते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि वापरलेले पाणी शेवटी वाशिष्ठीला मिळते. सह्याद्रीच्या एका उतारावरून कोणी वीज काढतो आणि त्याच उतारावरून कोणी निळा धूर काढतो, एवढीच तुलनात्मक नोंद येथे करून पुढे जाणे भाग आहे, कारण हेळवाक मागे पडले होते आणि घाट सुरू झाला होता.

घाट चढताना गाडी ऑइल खाते आणि उतरताना विश्रांती घेते, अशी सर्वसाधारण कल्पना असते; सील कडक झालेल्या पेट्रोल इंजिनात नेमके उलट घडते. उतारावर चालक गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, त्यामुळे हवा आत सोडणारी थ्रॉटल नावाची झडप जवळजवळ बंद होते. चाके मात्र इंजिनाला फिरवीतच असतात आणि पिस्टन बंद दारामागून हवा ओढू लागल्याने आतल्या नळीत तीव्र निर्वात निर्माण होतो. ही ओढ व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या फटींतून ऑइल खेचते, ते साचत राहते आणि पुढच्या वळणानंतर चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, की सगळे एकदम जळून मागे निळसर पांढरा लोट निघतो. कुंभार्ली घाटात वळणे भरपूर आहेत. मागून येणाऱ्या टेम्पोचालकाने प्रत्येक वळणावर दिवे दाखवून आपला निषेध नोंदवला आणि अखेर शेजारून जाताना, “काका, ही फवारणी ग्रामपंचायतीची का नगरपालिकेची?” अशी विचारणा केली.

यानंतरच्या एका तीव्र वळणावर डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह क्षणभर उजळले. हे चिन्ह ऑइलची पातळी दाखवते असे बहुतेकांना वाटते, परंतु ते दाब दाखवते: चेंबरमधील ऑइल इतके कमी झालेले असते, की वळणावर ते एका बाजूला सरकताच पंपाच्या जाळीला ऑइलऐवजी हवा मिळते आणि दाब कोसळतो. अर्थात लाल दिवा ही सूचना नसून जवळजवळ निकाल असतो, आणि तो दिसताच इंजिन बंद करण्यावाचून दुसरा उपाय नसतो. पत्नीने, “अहो, तो दिवा कसला?” असे विचारले, तेव्हा लेखकाने वर दिलेले विवेचन जवळजवळ याच शब्दांत केले; ते पूर्ण होईपर्यंत गाडी उभी राहिली होती, ही त्यातील समाधानाची बाब.

ऑइलची पातळी डिपस्टिकने, म्हणजे इंजिनातून ओढून काढावयाच्या खुणांच्या पट्टीने, मोजतात. त्यासाठी गाडी सपाट जागी असावी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे जावीत, म्हणजे वर गेलेले ऑइल खाली उतरते. दुसरी अट पाळणे सोपे होते. पहिलीसाठी वळणालगतच्या रुंद जागेत, एका बाजूच्या चाकांखाली दगड देऊन सपाटीचा आभास निर्माण करण्यात आला. डिकीतून बॅगा, चटई, पाण्याचा कॅन, दशम्यांचा डबा आणि गुहागरच्या नातेवाइकांसाठी नेलेली भाकरवडी अशा क्रमाने सामान कठड्यावर मांडले गेले, त्यातील भाकरवडीवर एका माकडाने हक्क सांगितला आणि तो मान्य झाला.

पट्टी पुसायला फडके मात्र कोणाजवळ नव्हते. तेव्हा आत्या खाली उतरली आणि तिने आपल्या पिशवीतून खाकी कापडाचा घडी घातलेला तुकडा काढला. गणवेशाच्या बाहीचा तो तुकडा होता, शिवणीची रेघ त्यावर तशीच होती. डेपोत तपासणी झालेली असली, तरी स्वतः पट्टी ओढून पाहिल्याशिवाय तिचे यजमान बस हलवत नसत, हे घरात सर्वांना ऐकून माहीत होते. आत्याने पट्टी ओढली, पुसली, परत आत घातली, पुन्हा ओढली आणि आडवी धरून उजेडाकडे केली. तिच्या टोकाला ओलसुद्धा नव्हती. “कोरडी आहे रे,” असे म्हणून तिने ते फडके पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले, ऑइलचा डाग आतल्या बाजूला येईल अशा बेताने, आणि ती कठड्याशी जाऊन बराच वेळ खालच्या वळणांकडे पाहत उभी राहिली. तिला हाक मारण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

दरम्यान पाण्याच्या बाटलीचा गळा कापून नरसाळे करण्यात आले आणि ऑइल ओतले जात असताना थांबलेल्या वाहनांतून तज्ज्ञमंडळ जमले. त्यांच्या मतांची वर्गवारी तीन संप्रदायांत करता येते. ‘रिंगा गेल्या’ म्हणणारे रिंगवादी बहुसंख्य होते आणि ते बहुतेक ट्रकचालक होते. याचे कारण असे, की पारंपरिक डिझेल इंजिनात थ्रॉटल नसते, त्यामुळे उतारावर वर सांगितलेला निर्वात त्यांच्या अनुभवात येत नाही. सीलवादी एकच होता, तो चिपळूणकडील रिक्षाचालक. धूर उतारानंतर आणि सकाळी गाडी सुरू करताना येतो, की चढावर जोर लावताना सतत येतो, एवढेच त्याने विचारले, आणि पहिले उत्तर मिळताच सीलाकडे बोट दाखवले. तिसरा संप्रदाय ‘विकून टाका’ असे प्रतिपादणारा असून त्याला खंडनाची गरज कधीच भासत नाही.

येथे विषयाला सोडून थोडे रागावणे क्षम्य ठरावे. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल जळणे स्वाभाविक मानलेले असते. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचे धरले, तर तेवढ्या काळात दहा लिटर जळून गेलेले असेल, म्हणजे लहान गाडीचे चेंबर जवळजवळ तीनदा रिकामे होईल आणि तरीही गाडी निर्दोष ठरेल. शिवाय जळालेल्या ऑइलमधील फॉस्फरस धुरावर प्रक्रिया करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरून त्याला हळूहळू निकामी करतो आणि त्याचे बिल पुस्तिका लिहिणाऱ्याकडे जात नाही. स्वाभाविक म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार ऑइल विकत घेणाऱ्याला असावा.

ऑइल खालच्या खुणेच्या वर आणि वरच्या खुणेच्या आत ठेवून (वरच्या खुणेपलीकडे भरल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो, आणि फेसाला वंगणाचे काम जमत नाही) गाडी पोफळी, शिरगाव करीत चिपळूणला पोहोचली. तेथील फिटरने कोणतेही मत न देता स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला. रिंगा झिजलेल्या असतील तर हे ऑइल फटी बुजवते आणि दाब लक्षणीय वाढतो. येथे दाब पहिल्या खेपेलाच चांगला होता आणि दुसऱ्या खेपेला जवळजवळ तसाच राहिला, त्यामुळे रिंगवादाचा पाडाव होऊन रिक्षाचालकाचा सिद्धान्त ग्राह्य ठरला. सील बदलण्यासाठी इंजिनाचा माथा उतरवावाच लागतो असे नाही: फिटरने प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली, पिस्टन वर आणून ती दाबून धरली आणि तिच्या आधारावर व्हॉल्व्ह खाली न पडता त्यांचे स्प्रिंग सोडवले. जुने सील त्याने लेखकाच्या तळहातावर ठेवले. रबर म्हणून बसवलेली ती वस्तू नखाने दाबली असता टकटक वाजत होती.

गुहागर सुंदर आहे. समुद्रकिनारा लांब आहे, सुरूची झाडे आहेत, व्याडेश्वराचे दर्शन झाले.

जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्या वाचकाने एवढे करावे, की गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, आपल्या डोळ्यांदेखत थंड सुरू करावी आणि त्या वेळी सायलेन्सरच्या मागे उभे राहावे. झिरपलेले ऑइल रात्रभर साचून पहिल्या स्टार्टला निळ्या लोटाने बाहेर पडते आणि इंजिन चालत राहिले की नाहीसे होते. विक्रेत्याने अगत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर त्याच्याकडचा चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर यावे.