वेग स्लॅबचा आणि नेटचा

घरच्या इंटरनेटचा वेग मोजण्याची नवीन जालन्यातली रूढ पद्धत अशी: राउटर खालच्या खोलीत, शोकेसवर, शोभेच्या बाहुल्यांमागे, मोजणारा गच्चीवर, मधे दोन स्लॅब. मोबाइलवर 100 ऐवजी 18 दिसले की नेटवाल्याचा उद्धार सुरू. या चाचणीत मोजला जातो तो स्लॅब. त्यातली सळई गावच्याच रोलिंग मिलची असेल, तर वायफाय अडवल्याबद्दल तिला दोष कसा द्यावा?

खरी मोजणी राउटरपाशीच होते. लॅपटॉप लॅन केबलने जोडायचा, इतरांचे मोबाइल वायफायवरून काढायचे आणि टीव्हीवरची मालिका थांबवायची. (शेवटची अट बहुतेक घरांत अव्यवहार्य आहे.) प्लॅन 300 चा असूनही आकडा 94 च्या आसपास अडला, तर राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्ट बहुधा 100 मेगाबिटचेच असते, बाकीचे 200 दरमहा पैसे भरण्यापुरते. फाइल उतरताना सेकंदाला 12 दिसले तर तीही फसवणूक नव्हे. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात आणि 8 बिटांचा एक बाइट होतो.

चाचणीचा सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यातला असला की आकडा गोंडस येतो. म्हणून दूरचा सर्व्हर निवडून, रात्री नऊला, सगळी आळी ऑनलाइन असताना पुन्हा मोजावे. तेव्हा 2 मेगाबिट भरले तरी हरकत नाही. 2023 पासून सरकारी व्याख्येत तेवढ्यालाही ब्रॉडबँडच म्हणतात.