काकडीला वाटीभर तेल

डॉक्टरांनी जेवणाआधी वाटीभर सॅलड खायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात काकडी होती आणि माझ्या मनात सीझर सॅलड. १९२४ साली मेक्सिकोतल्या तिहुआना गावी सीझर कार्डिनी या इटालियन हॉटेलवाल्याने ऐन गर्दीत, स्वयंपाकघरात उरलंसुरलं होतं त्यातून ते जमवलं, अशी त्याच्या मुलीने सांगितलेली हकिकत आहे. उरलंसुरलं संपवण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. म्हणजे निम्मा सीझर मी जन्मतःच होतो.

राहिलं ते दाट, पांढरं ड्रेसिंग. बायको म्हणाली, "अहो, दही आणि दाण्याचं कूट घाला की!" पण घाटकोपरात राहून, वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत दिसेल त्यावर मेयो ओतलेलं बघून माणसाचं मन कुटावर रमत नाही.

अडचण अंड्यांची. आमच्या मजल्यावर कांदा-लसूणही न खाणारी मंडळी. कुणी कधी काही बोललेलं नाही, तरी अंड्यांची काळी पिशवी हातात असली की लिफ्टमध्ये मी चेहरा असा ठेवतो, जणू पिशवीत देव्हाऱ्यातली समई आहे.

शास्त्र सोपं. तेल आणि लिंबाचा रस यांचं एकमेकांशी पटत नाही. बलकातलं लेसिथिन मध्यस्थी करून तेलाचे बारीक थेंब वेगवेगळे धरून ठेवतं. एक बलक वाटीभर तेल सहज सांभाळतो. अट एवढीच, की तेल आधी थेंब थेंब आणि मग बारीक धारेने घालायचं. हे सगळं मी बायकोला बोट वर करून समजावलं आणि वाटी उपडी केली.

वर तेलाचा तवंग, खाली पिवळे कण. फुटलेलं मेयो सुधारता येतं: नवा बलक घ्यायचा आणि त्यात फुटलेलं हळूहळू घालायचं. "हळूहळू"बद्दल माझे आणि मिक्सरचे पुन्हा मतभेद झाले. आणखी एक बलक गेला. अखेर जमलं. इतकं जमलं की त्यासाठी काकड्याच दोन किलो आणाव्या लागल्या असत्या.

लेक मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणाली, "बाबा, कच्च्या अंड्याच्या मेयोवर तेलंगणाने २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती." बायको कॅलक्युलेटर घेऊन बसली. दोनशे मिली तेल, म्हणजे साधारण साडेसोळाशे कॅलरी. "आणि शंभर ग्रॅम काकडीच्या?"

"पंधरा," लेक म्हणाली.

डॉक्टरांना फोन करायची सूचना निघाली, तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या बेन.

"मिक्सर चालू-बंद, चालू-बंद. मेयो फाटला ना?"

मी भांड्यापुढे आडवा उभा राहिलो. त्यांनी मान तिरकी करून मागचं पाहून घेतलं.

"एक भाग फ्रीजमधलं थंड दूध, दोन भाग तेल, मोहरी, मीठ. उंच भांड्यात हँड ब्लेंडर तळाला टेकवून फिरवायचा, मग सावकाश वर घ्यायचा. लिंबू शेवटी. दुधातली प्रथिनंच तेल धरतात. आमच्या घरी मुलांना दर रविवारी लागतं."

"पण तेल तर दुप्पटच की," बायको म्हणाली.

"ते आहेच. पण भाईंना लिफ्टमध्ये ती काळी पिशवी लपवावी लागणार नाही."