पुढे वारसा, मागे टेम्पो

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठे फेरबदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. अशा वाहनास २०,००० रुपये भरल्यावर ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, तो दहा वर्षे चालतो, आणि त्या बदल्यात मालकाने ते वाहन रोजच्या वापरात न आणता केवळ प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांची रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर काढावे, असे बंधन येते. नियम करणाऱ्यांना या वस्तूचा जवळून परिचय असला पाहिजे, कारण जुनी मोटारसायकल एरवीही रस्त्यावर निघते ती बहुतेक दुरुस्तीसाठीच. मात्र १९८० च्या दशकात नोंदलेली येझदी ‘रोडकिंग’ या व्याख्येत अद्याप बसत नाही. कायद्याच्या लेखी ती व्हिंटेज नसून नुसतीच म्हातारी आहे, आणि म्हणून नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर व पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी करून मिळणारा दाखला, हे म्हातारपणाचे सर्व भोग तिच्या वाट्याला येतात. घाटात निघणाऱ्या जुन्या मोटारसायकलींच्या ताफ्याच्या बॅनरवर ‘व्हिंटेज’ हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो आणि बॅनरमागच्या पुष्कळशा गाड्या परिवहन कार्यालयाच्या दप्तरी या दुसऱ्या प्रकारात मोडतात, ही विसंगती कोणी मनावर घेत नाही, आणि घेऊही नये.

जुलै महिन्याचा दुसरा रविवार हा जावा व येझदी या मोटारसायकलींच्या चाहत्यांनी ‘आंतरराष्ट्रीय जावा दिन’ म्हणून मानलेला आहे. सह्याद्रीच्या बाबतीत ही तिथी काढणाऱ्याने पंचांग पाहिले नसावे, कारण तेव्हा पाऊस ऐन भरात असतो, ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरते, आणि ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या ‘पॉइंट’ नावाच्या चिमुकल्या जोडीला ओल धरते. तरीही पुण्याकडचा ताफा घाटमाथ्यावरच्या अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेला ताम्हिणी घाटच निवडतो. पन्नास वर्षांपूर्वीची गाडी कोरड्या, सपाट रस्त्याने नेऊन सुखरूप परत आणली, तर सांगण्यासारखे काही उरत नाही.

ज्या यंत्राचा हा उत्सव, त्याचा इतिहास उत्सवापेक्षा अधिक रंजक आहे. फ्रँटिशेक यानेचेक या चेक शस्त्र-कारखानदाराने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. रुस्तम व फारोख इराणी यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकारंभी म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू झाला, पुढे १९७० च्या दशकात जावाचे नाव मागे पडून इराणमधील यझ्द शहराची आठवण देणारे ‘येझदी’ हे नाव टाकीवर आले, आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागले. एका चेक कारखानदाराची, जर्मन हक्कावर उभी राहिलेली, पारशी उद्योजकांनी कर्नाटकात आणलेली ही गाडी महाराष्ट्रात ‘आपली परंपरा’ म्हणून मिरवली जाते. टाकीवर भगवा ध्वज लावला की वंशावळीचा प्रश्न मिटतो. ज्यांच्यापाशी म्हैसूरपूर्व काळातील सुटे भाग असतात, त्यांचा मान ताफ्यात सर्वांत मोठा. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी भंगाराच्या ढिगांतून असा एखादा भाग हाती लागला आणि त्यावर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ ही अक्षरे दिसली, की विक्रेता किंमत सांगण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे डोळे पाहतो. तो देश १९९३ मध्येच मोडीत निघाला, त्याचा कार्ब्युरेटर मात्र अजून घासाघीस करून घ्यावा लागतो.

या गाडीची सुरुवात हा स्वतंत्र विधी आहे. प्रथम पेट्रोलचा कॉक उघडावा, मग कार्ब्युरेटरवरील ‘टिकलर’, म्हणजे आतल्या तरंगत्या गोळ्याला खाली दाबणारी बारीक कळ, पेट्रोल बोटांवर ओघळेपर्यंत दाबून धरावी, त्यानंतर खिळ्यासारखी दिसणारी किल्ली खुपसावी, आणि किक मारावी. गाडी सुरू झाली (हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे) तर तीच किक आत दाबून पुढे वळवली की गिअर टाकण्याची कळ बनते. शिवाय गिअर बदलताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे डाव्या हाताला काम उरत नाही आणि तो येणाऱ्याजाणाऱ्यांना हात करण्यास मोकळा राहतो. इंजिन दोन-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळावे लागते, ते तेल पेट्रोलबरोबर जळते, आणि एका सिलिंडरला जोडलेल्या दोन सायलेन्सरांतून निळसर धूर मागच्या वाहनाच्या तोंडावर समान वाटला जातो. निसर्गाच्या सान्निध्यात शुद्ध हवा घेण्यासाठी निघालेल्या ताफ्यात ती हवा सर्वांत पुढच्याच स्वाराला मिळते.

आता असा प्रश्न उपस्थित होतो की, हीच गाडी का? हिरो होंडाची ‘सीडी १००’ १९८५ मध्ये बाजारात आली; ती चार-स्ट्रोक होती, पेट्रोल जपून पीत होती, एका किकेत सुरू होत होती आणि तिच्या जाहिरातीचे सारच असे होते की पेट्रोल भरावे आणि गाडीला विसरून जावे. ग्राहकांनी ही सूचना अक्षरशः पाळली. त्या गाडीने लाखो कारकुनांना वेळेवर कचेरीत आणि वेळेवर घरी पोहोचवले, आणि तिच्याबद्दल कोणालाही काही आठवत नाही, कारण काही घडलेच नाही. येझदीच्या मालकाला मात्र कोणत्या पुलावर तिचा प्लग काळा पडला, कोणत्या लग्नाला तिच्यापायी वऱ्हाड निघून गेल्यावर पोहोचणे झाले आणि सासऱ्यांसमोर किती किका मारल्या, हे सारे तोंडपाठ असते. इमानदार नोकराचा पुतळा कोणी उभारत नाही. रुसून बसणाऱ्या जावयाचे कौतुक मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते.

ज्यांना तो रुसवा परवडत नव्हता त्यांनी ही गाडी केव्हाच विकली, ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि बॅनरवर तिला जागा नसते. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे पाचला डेअरी गाठणारा गवळी, उसाच्या नोंदी घेत फडाफडांतून हिंडणारा साखर कारखान्याचा शेतकी कर्मचारी, तालुक्याच्या गावी बदली झालेला कंपाउंडर, यांच्यासाठी फटफटी ही चैन नव्हती. ती बंद पडली की दूध नासत असे आणि पगार कापला जात असे. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा या मंडळींनी कोणताही शोकप्रस्ताव न मांडता ती वजनावर भंगारात दिली. ज्यांच्या वडिलांना दोन-तीन दशकांपूर्वी ही पीडा दारातून गेल्याचा आनंद झाला होता, तेच चिरंजीव आता तोच सांगाडा मिळेल त्या भावाने परत आणतात, त्यावर क्रोम चढवतात, आणि वडिलांना शेजारी उभे करून छायाचित्र काढतात. छायाचित्रातील वडिलांच्या चेहऱ्यावरील भावाचे वर्णन चिरंजीव ‘भावुक’ या शब्दाने करतात.

ताफ्याची रचना हाही अभ्यासाचा विषय आहे. मोकळ्या रस्त्यावरील स्वातंत्र्य हे या उपक्रमाचे घोषित ध्येय असल्यामुळे त्याची नियमावली चार पानांची असते. सर्वांत पुढे असतो तो ‘लीड’, ज्याला ओलांडून जाण्यास सक्त मनाई असते. सर्वांत मागे ‘स्वीप’, म्हणजे मागे पडलेल्यांना गोळा करत येणारा. मध्ये नारिंगी जाकीट घातलेले ‘मार्शल’, ज्यांचा पूर्वीचा अनुभव बहुधा गणेशोत्सवातील मिरवणुकीचा असतो. सहाला निघायचे ठरलेला ताफा साडेसातला हलतो आणि आठला मिसळीसाठी थांबतो, कारण रिकाम्या पोटी वारसा पेलत नाही. पुढे मुळशीच्या जलाशयाकाठी ड्रोन उडवण्यासाठी थांबा असतो. ज्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर ‘हेरिटेज राइड’ची फीत चित्रित होते, त्याखाली धरणात बुडालेली गावे आहेत, आणि त्या जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात मावळ्यांनी सत्याग्रह केला होता; पण त्या वारशाला क्रोम चढवता येत नसल्याने ड्रोन पुढे जातो.

खरी परीक्षा उतारावर सुरू होते. चार-स्ट्रोक गाडीत वंगण इंजिनाच्या तळाशी वेगळे साठलेले असते. दोन-स्ट्रोक गाडीला ते पेट्रोलबरोबरच मिळते, म्हणून लांब उतारावर थ्रॉटल मिटून इंजिनाच्या जोरावर वेग आवरला, की पेट्रोल थांबते, त्याबरोबर तेल थांबते, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरून बसण्याची भीती असते, ज्याला गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होणे म्हणतात. ब्रेकवर भिस्त ठेवावी, तर ड्रममध्ये ताम्हिणीचा पाऊस शिरलेला असतो. परतीच्या चढावर वंगण पोहोचते, परंतु पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुसमटत चढणाऱ्या, केवळ वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला पुरेसा वाराच मिळत नाही. तात्पर्य, घाट हा या गाडीला उतरतानाही मानवत नाही आणि चढतानाही मानवत नाही, आणि म्हणूनच ताफ्याच्या मागे, बॅनरच्या चौकटीबाहेर, ताडपत्री घातलेला एक टेम्पो चालत असतो.

या टेम्पोत मिस्त्री बसलेला असतो. वय साठीच्या पुढे, हातातील पान्ह्याच्या मुठीवर चिकटपट्टी, आणि डोळे मिटलेले. पुढच्या वळणापलीकडून येणाऱ्या आवाजांतला कोणता आवाज किती वेळात बंद पडणार, हे तो न पाहता सांगतो. गाडी बंद पडली की मालक तिच्याभोवती फिरून तिच्याविषयी ऐतिहासिक माहिती देऊ लागतो. मिस्त्री उतरतो, इंजिनाच्या बाजूचे झाकण काढतो, काडेपेटीच्या कडेने पॉइंट घासतो, आणि मग म्हणतो, “साहेब, एक व्हिजिटिंग कार्ड द्या.” साहेबांना हा परिचय वाढवण्याचा प्रयत्न वाटतो आणि ते सौजन्याने, दोन्ही हातांनी कार्ड पुढे करतात. मिस्त्री ते न वाचता, न दुमडता पॉइंटांच्या मधल्या फटीत सरकवतो, कारण ती फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते आणि जाड कार्डाची जाडी साधारण तेवढीच भरते. ‘व्हाइस प्रेसिडेंट’ या पदाचा घाटात झालेला हा एकमेव उपयोग होय. दुसऱ्या किकेला गाडी सुरू होते, मार्शल शिट्टी वाजवतो, उपस्थित टाळ्या वाजवतात, आणि मालक हात उंचावून त्या स्वीकारतो.

संध्याकाळी ताफा पुण्यात पोहोचतो तेव्हा तीन गाड्या टेम्पोत आडव्या बांधलेल्या असतात आणि त्यांचे मालक कोणाच्या तरी वातानुकूलित मोटारीतून, काच खाली करून, दोन-स्ट्रोकच्या वासाबद्दल बोलत आलेले असतात. त्यानंतर समूहाचा हिशेब मांडला जातो. टी-शर्ट, बॅनर, ड्रोनवाला आणि मानचिन्हे यांची बिले विनातक्रार मंजूर होतात. ‘सर्वोत्तम राखलेली गाडी’ हे मानचिन्ह टेम्पोतून आलेल्या तीन गाड्यांपैकी एकीला मिळते, कारण तिचे क्रोम सर्वांत स्वच्छ राहिलेले असते. शेवटची नोंद मिस्त्रीच्या दिवसभराच्या हजेरीची असते, आणि तिच्यावर मात्र अशी हरकत निघते की, मिसळ त्याने समूहाच्याच खर्चाने खाल्ली होती, तेव्हा तेवढी रक्कम वळती करावी किंवा कसे.