गॅस लावला

आमच्या आईने बावीस वर्षांची कालनिर्णय जपून ठेवली आहेत. एक जानेवारीला जुनं खिळ्यावरून उतरायचं, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात जायचं आणि गठ्ठा पुन्हा माळ्यावर. त्यातल्या चौकोनांत तिचा सगळा कारभार आहे. 'दूध अर्धा जास्त.' 'बाई खाडा.' 'इस्त्री १४.' 'वन्संचा फोन, नीट बोलल्या नाहीत.' आणि साधारण दीड महिन्याने एकदा, निळ्या बॉलपेनने, 'गॅस लावला.'

दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगपायी माळा रिकामा करावा लागला तेव्हा तो गठ्ठा खाली आला. बायकोला त्यात रद्दी दिसली. मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मला त्यात १९२ निरीक्षणं दिसली.

एक संपला की दुसरा लावायचा, तो संपला की तिसरा, याला आमच्या शास्त्रात नूतनीकरण प्रक्रिया म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तिथे बल्ब असतो. एक उडाला, दुसरा लावला. आमच्याकडे १४.२ किलोचा सिलिंडर होता आणि तो बल्बपेक्षा कितीतरी सरस, कारण बल्बकडे पाहुणे येत नाहीत.

यात एक गंमत आहे. आमचा सिलिंडर सरासरी बेचाळीस दिवस चालायचा. पण मनाला येईल त्या एका दिवसावर बोट ठेवून, त्या दिवशी जोडलेला सिलिंडर एकूण किती दिवस चालला ते पाहिलंत, तर उत्तर बहुधा सरासरीपेक्षा मोठं येतं. रेंगाळणारा सिलिंडर कॅलेंडरवर जास्त चौकोन अडवून बसतो, म्हणून बोट त्याच्यावरच पडतं. कुणाच्याही घरी केव्हाही जा, तिथे भेटतो तो पाहुणा महिनाभर मुक्काम ठोकलेलाच असतो. एका रात्रीत परतलेला थोडाच भेटणार? हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "यात नवीन काय?" परीक्षकांनी पुढे साधारण हेच विचारलं, फक्त दोन पानं घेऊन.

गणित दोन महिन्यांत झालं. ते पाठवण्याजोगं करायला अकरा महिने लागले.

पहिला प्रश्न, पाठवायचं कुठे? याबाबतीत पुणेकरांना एक इशारा वारशाने मिळालेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते तेव्हा, ऐन महायुद्धात, 'ॲनल्स ऑफ यूजेनिक्स'मध्ये त्यांचा एक निबंध आला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर कसं काढावं याबद्दल. पानं १७२ ते १७५. चारच. ते सूत्र कोसंबींच्याच नावाने आजही जनुकांचे नकाशे काढणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेलं आहे. (त्या नियतकालिकाचं नाव आज उच्चारवत नाही. १९५४ मध्ये ते चालवणाऱ्यांनाही नकोसं झालं असावं, कारण त्यांनी ते बदललं. पुणे विद्यापीठात १९५३ साली संख्याशास्त्राचा विभाग उभा करणाऱ्या हुजूरबाजारांचा १९४८ चा गाजलेला निबंधही तिथलाच.) आणि तेच कोसंबी १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाबद्दलचा दावा घेऊन गेले कुठे, तर भारतीय कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात! रीमानने ते मांडून तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती आणि जगातल्या मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यापुढे हात टेकले होते. अशी गोष्ट पिकांच्या प्रयोगांचे आकडे तपासणाऱ्या मंडळींकडे न्यायची म्हणजे सोनाराचं काम लोहाराकडे टाकण्यासारखं. ती सिद्धता टिकली नाही. नावाला बट्टा मात्र टिकला.

तरीही कॅलेंडरं घेऊन निबंध लिहायचा धीर मला कोसंबींनीच दिला. त्यांनी चांदीची प्राचीन नाणी हजारोंनी तोलली होती. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, तेव्हा कमी झालेल्या वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. एक रती इकडे, अर्धी रती तिकडे, आणि त्यातून अख्ख्या बाजारपेठेचा इतिहास. त्यांच्या तराजूला जर नाणी चालतात तर माझ्या संगणकाला आईचं बॉलपेन का चालू नये?

नियतकालिक ठरलं. त्याचं नाव सांगत नाही, निकाल अजून लागायचा आहे. मग मांडणी. आमच्यात निबंध लेटेकमध्ये लिहितात. त्यात एक महिरपी कंस राहिला की ते बत्तीस चुका दाखवतं आणि बत्तीसांपैकी एकही तो कंस नसतो. तक्ता क्रमांक दोन मला हवा तिथे अखेरपर्यंत आला नाही. तो संदर्भसूचीच्या मधोमध जाऊन बसला, लग्नात नवऱ्या मुलाची आत्या पहिल्या रांगेत बसते तसा. उठवायची कुणाची हिंमत नाही. मग विषयाचे सांकेतिक क्रमांक: ६०के०५ म्हणजे नूतनीकरण, ६२एन०१ म्हणजे अर्धवट राहिलेली निरीक्षणं. आईचं स्वयंपाकघर जगाच्या ज्ञानात नेमकं कुठे बसतं ते मला या दोन आकड्यांनी कळलं.

संदर्भ एकेक करून तपासले. सध्या संगणकाला विचारून मुळात नसलेले निबंध संदर्भात घालणारे लोक निघाले आहेत, म्हणून संपादक फार जपून असतात. यातही कोसंबी पुढेच. १९३१ च्या सुमारास त्यांनी बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने निबंध छापला होता, एका सहकाऱ्याची जिरवायला. पुढे काही वर्षांनी फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका मंडळानेही हेच नाव घेतलं आणि ते जगप्रसिद्ध झालं. मला एवढी मजल मारायची नव्हती. माझे एकतीसच्या एकतीस संदर्भ जन्माला आलेले होते.

मसुदा छापून टेबलावर ठेवला होता. आईचं इंग्रजी मॅट्रिकचं, पण पक्कं. तिने चष्मा लावून पहिलं पान वाचलं.

"हे 'आम्ही' कोण?"

"असंच लिहितात."

"टिळकांचं ठीक होतं, त्यांच्यामागे 'केसरी' होता. तुझ्यामागे कोण आहे?"

मी म्हटलं, "तू." ती मेथी निवडायला निघून गेली.

खरी पंचाईत पुढे आली. १९२ आकड्यांत आठ-नऊ आकडे रांग सोडून उभे होते. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की असे आकडे आधी तपासा. मोजणीची चूक असेल तर काढा, नसेल तर कारण शोधा. मी यादी घेऊन मेथीसमोर बसलो.

"अकरा दिवस?"

"सुमीचं केळवण आणि लगोलग साखरपुडा. अनारसे मी घरी केले होते. पहिले दोन घाणे फसकले."

"एकसष्ट?"

"आपण कोकणात होतो. आल्यावर दुधाचं पातेलं ठेवलं तर आच एवढीशी, तेव्हा संपला."

"एकवीस?"

"तुझ्या सासूबाई रोज दोनदा आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायच्या. गीझरवर विश्वास नव्हता." हे तिने जरा हळू सांगितलं, कारण बायको ओट्याशीच होती.

"सत्त्याण्णव?"

ती थोडा वेळ काड्या वेगळ्या करत राहिली. "तुझे बाबा दवाखान्यात होते ना. जोशी काकू डबा द्यायच्या. घरात चहापुरताच गॅस पेटायचा."

त्याच्या लगेच पुढचा सिलिंडर सोळा दिवसांत संपला होता. ते मी विचारलं नाही.

निबंधात या सगळ्याचं एक वाक्य झालं: काही अंतरांवर कौटुंबिक पातळीवरील बाह्य घटनांचा परिणाम झाल्याचे आढळते. सारांशाला दोनशे शब्दांची मर्यादा होती, तिथे तर तेही मावलं नाही. अनारसे, कोकण, गीझर, सगळं 'बाह्य'. मला ते वाक्य दर वेळी खटकत होतं आणि दर वेळी मी ते तसंच ठेवत होतो, कारण दुसरं कुठलंही लिहिलं की तो निबंध राहत नव्हता.

बायको म्हणाली, "आईंचं नाव लेखकांत का नाही? बावीस वर्षं माहिती त्यांनी गोळा केली, तुम्ही नुसत्या वजाबाक्या केल्यात." मुद्दा बिनतोड होता. नियम वाचले. लेखकाने अंतिम मसुद्याच्या प्रत्येक ओळीची जबाबदारी घ्यायची असते. आई म्हणाली, "त्या प्रमेय चारची जबाबदारी मी घेणार नाही." मग ठरलं, आभार मानायचे. मानले, छान चार ओळींत. तेवढ्यात सूचना दिसली की परीक्षकांना लेखक ओळखता येऊ नये म्हणून आभार आत्ता काढावेत. स्वीकारला गेल्यास पुन्हा घालावेत. काढले.

मग जाहीरनामे. अर्थसाहाय्य: सिलिंडरचे पैसे आधी बाबांनी, नंतर मी दिले, पण ते या सदरात येत नाही. हितसंबंध: लेखक त्याच गॅसवरचा चहा दिवसातून चार वेळा प्यायचा, हे लिहिलं नाही. माहिती सर्वांसाठी खुली करणार का? इथे आईने ठाम नकार दिला. गॅसच्या शेजारच्या चौकोनांत कुणाला किती हातउसने दिले, कोण काय बोललं, सगळंच होतं. आम्ही नुसत्या तारखा वेगळ्या काढून जोडल्या.

शुक्रवारी रात्री पावणेबाराला बटण दाबलं. आई जागी होती. तिने माझ्या हातावर साखर ठेवली. पुढे सात महिने पडद्यावर 'परीक्षण चालू' हे दोनच शब्द. घातांकी वितरणाला स्मरणशक्ती नसते. तुम्ही कितीही काळ थांबलेले असा, यापुढे थांबायचा सरासरी काळ पहिल्या दिवशी होता तेवढाच राहतो. हे मी वीसेक वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. अंगावर पहिल्यांदाच आलं.

पहिल्या परीक्षकाला निबंध आवडला होता आणि त्याने स्वल्पविराम दुरुस्त केले होते. दुसऱ्याने पाचव्या मुद्द्यात लिहिलं होतं: सिलिंडरांची अंतरं परस्परांपासून स्वतंत्र आहेत असं लेखक धरून चालतात, परंतु ९७ आणि १६ ही लागोपाठची दोन अंतरं पाहता तसं वाटत नाही. लेखकांनी यातला परस्परसंबंध स्पष्ट करावा.

१९२ आकड्यांतून त्याने नेमके तेवढे दोन उचलले होते. माणूस बारकाईने वाचणारा होता, यात शंका नाही.

उत्तराला मी चार दिवस घेतले. सुरुवात नेहमीचीच केली, की परीक्षकांनी बारकाईने केलेल्या वाचनाबद्दल आम्ही ऋणी आहोत. पुढे लिहिलं की ही दोन्ही अंतरं एकाच कौटुंबिक घटनेशी निगडित आहेत. ती वगळली तरी निष्कर्षांत फरक पडत नाही. तक्ता सहा पाहावा. तक्ता सहा खरंच तसा आहे. तीन वेळा आकडेमोड करून पाहिली.

त्याचा शेवटचा मुद्दा होता, आणखी पाच वर्षांची माहिती जोडल्यास निष्कर्ष भक्कम होतील. ते मात्र जमणार नाही. माळ्यावरून गठ्ठा खाली आला त्याच सुमारास आमच्या सोसायटीत पाइप गॅस आला होता. मीटर बसवायला आलेल्या मुलाने ओट्याखालची नळी काढली, सिलिंडर बाहेर ओढला आणि तो एजन्सीला परत गेला. आई दारापर्यंत गेली होती. वाकून तिने तो एकदा हलवून पाहिला आणि म्हणाली, "अजून तीन आठवडे सहज गेला असता."

संपण्याआधीच निरीक्षणातून निघून गेलेल्या आकड्यापुढे आमच्यात अधिकचं चिन्ह काढतात. किती चालला असता याचा अंदाज तिथे लिहायचा नसतो, घरच्यांचा तर नाहीच. तक्ता एकच्या शेवटच्या ओळीत १९२ व्या सिलिंडरपुढे '१९+' असं आहे.