कर विडीवर, ठसका बाईला

विडी स्वस्त करायची असो की महाग, बोलणारे सगळे एकाच बाईच्या नावाने बोलतात. ती नगरच्या तोफखान्यात, संगमनेरात, अकोल्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. तिला कुणी विचारलेलं नसतं.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि विडी थेट २८ टक्क्यांत गेली. मोटार, एसी, सिगारेट आणि विडी एका पंगतीला! तेंदूपानावर १८ टक्के वेगळे. त्याच मुहूर्तावर विड्यांवरचा कामगार कल्याण उपकर रद्द झाला. १९७६च्या कायद्याने हजार विड्यांमागे गोळा होणाऱ्या या पैशातून दवाखाने चालत, पोरांना शिष्यवृत्ती मिळे, घराला मदत होई. कर वाढला आणि त्यातला तिच्या नावाचा कप्पा तेवढा गेला. आता तिने अर्थसंकल्पाकडे बघायचं.

कर वाढून खप घटला की सिगारेटच्या कारखान्यात यंत्र थांबतं. विडीत यंत्रच बाई आहे. तिला कामावरून कुणी काढत नाही. पान कमी देतात. हजारऐवजी पाचशे विड्यांचं पान, आठवड्यात दोन दिवस कमी. नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही, बेकारीच्या कुठल्या आकड्यात नोंद नाही. वळलेल्या मालातून ‘छाट’ म्हणून विड्या बाजूला काढतात, ते मात्र नेमाने.

मग ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेने विडी १८ टक्क्यांवर आणि पान ५ वर आणायचं ठरवलं. विडीचा नवा दर लागू झाला १ फेब्रुवारी २०२६पासून. चांगलं झालं. पण हजारी मजुरीचा दर जीएसटी परिषद ठरवत नाही, आणि सुटलेले दहा टक्के सुपात पडावेत अशी अटही कुणी घातलेली नाही.

विडी वाईटच. तंबाखूची धूळ ओढणाऱ्याआधी वळणारीच्या छातीत जाते, हे तिला डॉक्टरने सांगायला नको. उद्या खुशाल ४० टक्के लावा. पण तिच्या हाताला दुसरं काय देणार, तेही त्याच दिवशी सांगा.

बायकांसाठी राज्याने काहीच केलं नाही, असं नाही. २०२३च्या अर्थसंकल्पात महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ केला. विडीवालीला तो आधीही नव्हता. तेवढं मिळतच नव्हतं.

तेव्हा करकपातीच्या पुढच्या निवेदनात कारखानदारांनी या बाईचं नाव जरूर घालावं. फक्त खाली तिचा हजारीचा दरही लिहावा, आधीचा आणि कपातीनंतरचा. जागा पुरली नाही तर कागदाच्या मागे लिहिला तरी चालेल.