अंतिम तारीख: काल

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजातल्या नोटीस बोर्डाला काच असते, काचेला कुलूप असतं आणि कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या आठवड्यात रजेवर असतात. त्यामुळे आतले कागद दीर्घायुषी होतात. मागच्या क्रीडामहोत्सवाची सूचना यंदाच्या परीक्षेच्या वेळापत्रकाआडून डोकावत असते. या गर्दीत कुठेतरी, शिक्क्याखाली अर्धी झाकलेली, एक संधी असते. तिची शेवटची तारीख कालची असते.

मला असे बोर्ड वाचायचा नाद आहे. सिल्वासात लोक संध्याकाळी दमणगंगेच्या काठावर जातात, बागेत जातात. मी कुठे बोर्ड दिसला की थांबतो. आयुष्य धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेलं आणि तिथे बोर्ड न वाचणाऱ्याची शिफ्ट बदललेली फक्त त्यालाच ठाऊक नसते. सवय लागली ती लागलीच.

आमच्याकडे इंजिनिअरिंगचं शिक्षण म्हटलं की पहिलं नाव निघतं कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकचं. शेजारचा मुलगा कराडला शिकतो असं मी फोनवर सांगितलं की साताऱ्याकडचे नातेवाईक खूश होतात. ‘अरे वा, मग त्याला आपल्याकडेच राहायला पाठव की!’ त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्णा-कोयनेचं कराड असतं. तिथेही सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, 1960 पासूनचं. आमचं कराड दादरा-नगर हवेलीतलं गाव. प्रीतिसंगम नाही, पण आजूबाजूला कारखान्यांचा संगम जोरात आहे. संस्थेला नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. कागदोपत्री मात्र सगळीकडे ‘डॉ. बी. बी. ए.’ अशी आद्याक्षरं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी ती वाचून काळजीने विचारलं होतं, ‘इंजिनीयर करायचाय ना त्याला? मग बीबीएला कशाला घातला?’

परीक्षा जीटीयूच्या, म्हणजे गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या. घरी वारली किंवा कोकणा, शाळेत मराठी नाहीतर गुजराती, नाक्यावर हिंदी आणि व्हायव्हाला इंग्रजी, असा पोरांचा दिवस जातो. तिकडे पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात 2021 पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. महाराष्ट्रात डिप्लोमाही मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून चालतो. इथल्या खानवेलच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही, कारण त्याचं विद्यापीठ अहमदाबादेत. डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. गुजरातेत त्याला ‘डी टू डी’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘डायरेक्ट सेकंड इयर’. वलसाडची मावशी एक सांगते, नाशिकचे काका दुसरं सांगतात आणि मुलगा समजतो की हे दोन वेगळे कोर्स आहेत.

बोर्डावर येणाऱ्या बातम्यांत मला सगळ्यांत आवडते ती हॅकेथॉनची. 2017 पासून देशभर स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होते. सरकारी खात्यांच्या, कंपन्यांच्या अडचणी मुलांपुढे ठेवायच्या आणि त्यांनी दिवसरात्र बसून तोडगा काढायचा, अशी ती स्पर्धा. सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. हा नियम ज्याने केला त्याने मेकॅनिकलचा वर्ग आतून पाहिलेला असणार. एरवी शर्टाचं वरचं बटण न लावणारी मुलं ती नोटीस लागली की केस विंचरून कॉम्प्युटरच्या वर्गाबाहेर ‘मॅडम, आपल्याला तंत्रज्ञानाची आवड आहे का?’ असं विचारत उभी राहतात. देशाच्या समस्या सुटतील तेव्हा सुटतील, भाषा मात्र लगेच सुधारते.

प्लेसमेंटच्या सूचनेपुढे गर्दी जास्त आणि बोलणं कमी. पोरं पगाराचा आकडा शोधतात, पालक गावाचं नाव. मी अशा वेळी त्यांना हवेलीतल्या सगळ्यांत मोठ्या प्लेसमेंटची गोष्ट सांगतो. 1954 साली पोर्तुगीज गेले, पण पुढची सात वर्षं हा मुलूख ना त्यांचा होता ना कायद्याने भारताचा. कारभार वरिष्ठ पंचायत बघायची. 1961 च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाचा करार करायचा ठरला, तर सही कोण करणार? पंतप्रधान नेहरूंच्या समोर तोलामोलाचा माणूस हवा. म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान नेमलं. ना ॲप्टिट्यूड टेस्ट, ना ग्रुप डिस्कशन. सही झाली आणि नोकरी संपली. पोरं हसतात आणि विचारतात, ‘काका, पॅकेज किती होतं?’

त्याच्या आधीची, मुक्तिसंग्रामाची गोष्टही याच मासल्याची. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर ही मंडळी त्यात होती. पैसे उभे करायला लता मंगेशकरांचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. आता विचार करा, ‘इच्छुकांनी नावनोंदणी करावी’ अशी सूचना कुठे लागली असती तर पोर्तुगीजांनीच ती आधी वाचली असती. हे काम माणसाने माणसाच्या कानात सांगूनच झालं. एवढ्या वर्षांच्या बोर्डवाचनानंतर माझं मत झालंय की कॉलेजातली संधीसुद्धा अशीच पोचते. काचेतून पोचते ती फक्त तारीख.

पाहा ना. मसाट, राखोली, आमली, पिपरिया, नाव घ्याल तिथे कारखाने. करसवलतींच्या काळात ते आले आणि सवलती संपल्यावरही बरेचसे राहिले. देशातल्या टेक्स्चराइज्ड धाग्याचा मोठा वाटा इथे तयार होतो. गुळगुळीत, निर्जीव पॉलिएस्टर धागा ताणायचा, तापवायचा, पीळ देऊन पुन्हा सोडवायचा, की तो फुगतो, मऊ होतो आणि साडीत किंवा शर्टात जाऊन बसतो. त्या यंत्रावर बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस सोन्याच्या भावाचा. आणि कराडच्या मुलाला वाटतं नोकरी म्हणजे पुणे, बंगळुरू. कारखान्याला माणूस हवा असतो तेव्हा गेटवरच्या फळ्यावर खडूने ‘फिटर पाहिजे’ लिहितात आणि बातमी चहाच्या टपरीवरून कॉन्ट्रॅक्टरकडे जाते. कॉलेजचा बोर्ड आणि हा फळा, दोन्ही आपापल्या जागी वर्षानुवर्षं उभे. त्यांची ओळख करून देणारं कोणी नाही.

मधला एक पूल सरकारने फार पूर्वी बांधून ठेवलाय. ॲप्रेंटिस कायदा 1961 चा, म्हणजे आमच्या विलीनीकरणाच्याच वर्षातला. पुढे 1973 च्या दुरुस्तीने डिग्री आणि डिप्लोमावालेही त्यात आले. वर्षभर कारखान्यात शिकायचं, वर विद्यावेतन घ्यायचं. पश्चिम भारतापुरतं हे काम मुंबईचं बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं आणि त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘बोट’. शेजारच्या आईने हे ऐकून मुलाला स्वेटर विणायला घेतला होता. ‘बोटीवर गार असतं ना हो रात्री?’ मी समजावलं की ही बोट राखोलीपर्यंतच जाते. तिला जरा वाईटच वाटलं.

थट्टा पुरे, कारण एक गोष्ट मला खरोखर खटकते. तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ नावाची शिष्यवृत्ती आहे, डिप्लोमा किंवा डिग्रीला पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींसाठी. वर्षाला 50,000 रुपये. घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं. एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. आमच्या ओळखीतली एक मुलगी, वडील कारखान्यात लोडिंगला, आई दुसऱ्यांकडे भांडी घासते. तिने ही सूचना वाचली होती. चांगली उभी राहून, दोनदा वाचली होती.

‘मग अर्ज का नाही केलास गं?’

‘काका, ते टॉपरसाठी असेल ना?’

‘असं कुठे लिहिलंय?’

‘लिहिलेलं नाही. पण इंग्रजी इतकं चांगलं होतं की मला वाटलं, आपल्यासाठी नसणार.’

मी गप्प बसलो. मग तिला घेऊन मामलतदार कचेरीत गेलो. उत्पन्नाचा दाखला निघाला, आधार बँक खात्याशी जोडलं, फोटोत कान दिसत नाहीत म्हणून फोटो पुन्हा काढला. पुढचं तिचं तिच्याकडे. पण अर्ज गेला, आणि तारखेच्या आत गेला. तिच्या आईने मला डझनभर केळी आणून दिली. ‘राहू द्या हो’ म्हणालो, पण घेतली.

सिल्वासातल्या कारखान्यांत सुपरवायझर, इंजिनीयर, शिफ्ट इन्चार्ज म्हणून काम करणारी मराठी मंडळी कमी नाहीत. गणपतीत मंडपात सगळी भेटतात आणि वापी स्टेशनवर कुठली गाडी थांबत नाही यावर तासभर बोलतात. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की सुट्टीच्या एखाद्या दिवशी आसपासच्या चार पोरापोरींना घरी बोलवा. तुमच्या कंपनीत ॲप्रेंटिस कधी घेतात, कोणाला भेटायचं, रात्रपाळी कशी असते, कॅन्टीनची डाळ किती पातळ असते, हे सगळं खरं खरं सांगा. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्यासमोर बसून भरून घ्या. आणि दाखल्याला मामलतदार कचेरीत जायचं असेल तर सोमवारी सकाळी जाऊ नका, रांग फार असते.